मुंबईच्या कोटांतील सेंट थॉमस चर्च व तेथील स्मारकलेख

महाराष्ट्राच्या इतिहासाचीं साधनें गोळा करणाऱ्या मंडळींनीं दप्तरें, बखरी, सनदा, ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांचा शोध मोठ्या निष्ठेनें केला आहे. परंतु आपल्याच प्रांतांत असलेल्या, आणि आपल्याच राजकारणांत वावरलेल्या माणसांच्या नांवें कोरलेल्या, एका वर्गाच्या शिलालेखांकडे आपलें जावें तसें लक्ष गेलेलें नाहीं. हा वर्ग म्हणजे इंग्रजी चर्चांतील थडगीं व तेथील भिंतींवरील स्मारकशिला. परधर्मीयांच्या प्रार्थनास्थानांतील लेख म्हणून कोणी ते टाळतात. उलट कोणी ते संगमरवरावर सुबक अक्षरांत कोरलेले पाहून त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. दोन्ही वृत्ति संशोधनास सारख्याच घातक होत. या लेखांची साक्ष कोठवर धरावी व कोठें सोडावी, हें मुंबईच्या सेंट थॉमस चर्चच्या उदाहरणावरून ठरविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखांत केला आहे.

हें चर्च मुंबईच्या जुन्या कोटाच्या ऐन मध्यभागीं, ज्यास पूर्वीं बाँबे ग्रीन म्हणत व हल्लीं हॉर्निमन सर्कल म्हणतात, त्या जागेच्या पश्चिमेस आहे. कोटाचा जो दरवाजा याच्या वाटेवर होता त्यास चर्चगेट हें नांव पडलें. कोट व दरवाजे १८६० नंतरच्या कांहीं वर्षांत पाडले गेले, पण दरवाज्याचें नांव आगगाडीच्या स्टेशनास चिकटून राहिलें. १७१८ पासून १८३७ पर्यंत हें कोटांतील इंग्रजांचें परगण्याचें साधें चर्च होतें. १८३७ सालीं मुंबईस स्वतंत्र बिशपाची नेमणूक झाली, तेव्हां त्यास कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. पुढें त्यावर उंच मनोरा चढला. १९७० पासून तें उत्तर भारताच्या संयुक्त चर्चकडे आहे, आणि त्याच्या जीर्णोद्धाराच्या कामास २००४ सालीं युनेस्कोचें पारितोषिकही मिळालें.

इमारतीचा आरंभ मात्र १७१८ च्या पुष्कळ मागें जातो. पोर्तुगीजांकडून आंदणांत आलेलें मुंबई बेट इंग्लंडच्या राजानें १६६८ सालीं कंपनीच्या हवालीं केलें. त्यानंतर जेराल्ड आँजियर हा १६६९ पासून १६७७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास १६७४ सालीं रायगडावर हेन्री ऑक्झेंडन यास वकील म्हणून जाणें झालें तें याच आँजियरच्या अमदानींत. म्हणून हें नांव आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. मुंबईंत इंग्रजांस प्रार्थनेसाठीं स्वतंत्र इमारत असावी म्हणून आँजियरनें काम सुरू करविलें, व १६७५ सालीं चर्चसाठीं चांदीचा एक पेलाही दिला. परंतु १६७७ च्या जून महिन्यांत तो सुरतेस मरण पावला आणि काम जागच्या जागीं थांबलें. सुमारें पंधरा फूट उंचीच्या भिंती उन्हापावसांत जवळजवळ चाळीस वर्षे तशाच उभ्या होत्या. ज्यानें पाया घातला त्याचा देह या इमारतींत नाहीं, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण चर्चांतील नांवें व चर्चखालचीं प्रेतें यांचा मेळ नेहमींच बसतो असें नाहीं, हें पुढें दिसून येईल.

अर्धवट भिंतींस पुन्हां हात घातला तो रिचर्ड कॉब या पाद्र्यानें. त्यानें वर्गणी जमविली, व १७१५ च्या नोव्हेंबरांत डेप्युटी गव्हर्नर स्टीफन स्ट्रट याच्या हस्तें नव्या कामाची शिला बसविली गेली. १७१८ च्या नाताळच्या दिवशीं, म्हणजे २५ डिसेंबर रोजीं, चार्ल्स बून हा गव्हर्नर असतां चर्च उघडलें. या चर्चची हकीकत कॉब यानें स्वतः लिहून ठेविली आहे, आणि तींत आपल्या दृष्टीनें अत्यंत मोलाची अशी एक गोष्ट आली आहे. ती अशी कीं, त्या समारंभास रामा कामती आपल्या जातीच्या मंडळींसह आला होता, व इंग्रजांच्या उपासनेंतील शिस्त पाहून संतुष्ट होऊन ही मंडळी प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभी राहिली होती.

हा रामा कामती कोण, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मुंबईच्या त्या काळच्या हिंदु पुढाऱ्यांतील हा मोठा सधन शेणवी गृहस्थ. तो व्यापारी तर होताच, पण कंपनीच्या चाकरींतील भंडारी शिपायांचें नायकत्वही त्याजकडे होतें. पोर्तुगीजांच्या हातून नष्ट झालेल्या वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार १७१५ च्या सुमारास त्यानें केला. म्हणजे कॉब इंग्रजांच्या चर्चसाठीं वर्गणी मागत फिरत होता, त्याच सुमारास त्याच बेटावर हा गृहस्थ आपल्या देवाचें देऊळ उभें करीत होता. अशा माणसानें शेजाऱ्याच्या देवस्थानाच्या मंगल दिवशीं जाऊन उभें राहावें, यांत नवल कांहींच नाहीं.

नवल आहे तें पुढच्या गोष्टींत. चर्च उघडलें त्याच वर्षीं पावसाळ्यानंतर बून यानें कान्होजी आंग्रे यांच्या खांदेरी किल्ल्यावर आरमार नेलें, व तेथून त्यास हात हालवीत परतावें लागलें. अपयशाचें खापर फोडण्यास कोणी तरी पाहिजेच होतें. रामा कामती हा आंग्र्यांशीं आंतून संधान बांधून असतो, असा आरोप निघाला. १७२० सालीं त्याची चौकशी होऊन तो दोषी ठरला, त्याची मालमत्ता जप्त झाली, व तो बंदींत पडला. १७२८ सालीं बंदींतच त्याचा अंत झाला. चौकशींतील मुख्य पुरावा म्हणजे त्यानें आंग्र्यांस लिहिलें असें सांगितलें गेलेलें पत्र. तें पत्र बनावट होतें, हें मागाहून उघडकीस आलें. पण तोंवर त्या माणसाच्या जन्माचें मातेरें झालें होतें.

हस्तलिखितें जमविणाऱ्या आपल्यासारख्यांनीं येथें क्षणभर थांबलें पाहिजे. दगड खुशामत करतो व कागद खरें बोलतो, असें एक सोपें सूत्र आपल्या मनांत असतें. रामा कामतीच्या प्रकरणांत कागदानेंच खोटें सांगितलें, आणि एका निरपराध्याचा घात केला. त्या कागदाचें खोटेपण सिद्ध झालें तें इतर पुराव्यांशीं तो ताडून पाहिल्यामुळें. सारांश, साधन कोणत्या वस्तूवर लिहिलेलें आहे यावरून त्याची किंमत ठरत नाहीं. तें कोणी केलें, केव्हां केलें, आणि तें खरें मानल्यानें कोणाचें हित होणार होतें, यांवरून ठरते. हीच कसोटी आतां चर्चांतील शिलांस लावूं.

प्रथम एक स्थूल गोष्ट. सामान्य इंग्रज शिपाई व कारकून मुंबईंत पटापट मरत. त्यांस कोटाबाहेर मेंढम पॉइंट येथील जुन्या स्मशानांत पुरीत, आणि त्या स्मशानाचा आज मागमूसही नाहीं. चर्चच्या आंत जागा मिळे ती अधिकाऱ्यास, श्रीमंतास, किंवा ज्याच्या मित्रांनीं अथवा सरकारनें खर्च केला त्यास. म्हणून चर्चांतील नांवांची यादी म्हणजे मुंबईच्या इंग्रजांची यादी नव्हे. ती इंग्रज समाजाच्या वरच्या थराची, व त्यांतही लोकांनीं स्मरणार्थ निवडलेल्यांची यादी होय. तींतून त्या काळच्या मृत्युसंख्येचें अनुमान काढूं पाहणारा फसेल.

दुसरी गोष्ट थडगें व स्मारक यांतील भेदाची. भिंतीवर शिला आहे म्हणजे खालीं प्रेत आहे, असें समजणें हा नेहमींचा प्रमाद आहे. कॅप्टन जॉर्ज निकोलस हार्डिंज याचेंच उदाहरण घ्यावें. सॅन फियोरेंझो या इंग्रजी लढाऊ जहाजावरील हा अधिकारी ८ मार्च १८०८ रोजीं पियेमोंतेझ या फ्रेंच जहाजाशीं सिंहलद्वीपाजवळच्या समुद्रांत झालेल्या झुंजींत ठार झाला. फ्रेंच जहाज पाडाव झालें. मुंबईहून निघालेल्या व्यापारी जहाजांवर तें टपून होतें, म्हणून मुंबईकर इंग्रजांस हार्डिंजचा उपकार वाटला व येथें त्याचें स्मारक झालें. त्याचें दुसरें स्मारक लंडनच्या सेंट पॉल चर्चांत आहे. एकाच माणसाचीं दोन स्मारकें दोन खंडांत असूं शकतात. देह मात्र एकाच ठिकाणीं असतो, आणि या प्रसंगीं तो दोहोंपैकीं कोठेंच नाहीं. तसाच एल्ड्रेड पॉटिंजर. मुंबईच्या तोफखान्यांतील हा तरुण अधिकारी १८३७-३८ सालीं हिरातच्या वेढ्यांत शहराच्या बचावामुळें प्रसिद्धीस आला. त्याची स्मारकशिला या चर्चांत आहे, पण तो १८४३ सालीं हाँगकाँग येथें मरण पावला. तेव्हां शिलेची नक्कल घेतांना पहिला प्रश्न हा विचारावा कीं, हा मनुष्य येथें पुरला आहे, कीं येथें फक्त आठविला आहे?

येथें खरोखर पुरलेल्यांत अग्रगण्य म्हणजे गव्हर्नर जोनाथन डंकन. हा पूर्वीं काशीस रेसिडेंट होता. तेथील संस्कृत पाठशाळा १७९१ सालीं त्याच्याच पुढाकारानें निघाली. १७९५ च्या डिसेंबरांत तो मुंबईचा गव्हर्नर झाला, व जवळजवळ सोळा वर्षें त्या जागीं राहून ११ ऑगस्ट १८११ रोजीं मुंबईंतच वारला. मराठ्यांच्या इतिहासांत या सोळा वर्षांचें महत्त्व सांगावयास नको. ऑक्टोबर १८०२ मध्यें यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पेशव्यांचा व शिंद्यांचा मोड केल्यावर बाजीराव कोंकणांत उतरले, व इंग्रजी जहाजानें वसईस आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह झाला आणि पेशवाईचें स्वातंत्र्य संपलें. या सर्व काळांत मुंबईच्या गादीवर डंकन होता.

परंतु त्याच्या स्मारकावर शिल्पकार बेकन यानें जो प्रसंग कोरण्यास घेतला तो यांपैकीं नव्हे. तेथें हिंदु बालकें डंकनास आशीर्वाद देत आहेत असें दाखविलें आहे, आणि काशीप्रांतांत व काठेवाडांत बालहत्या बंद केल्याचें श्रेय त्यास दिलें आहे. या श्रेयाची आतां कागदांशीं गांठ घालून पाहूं.

काशीकडील भाग बराचसा खरा आहे. जौनपुराकडील राजकुमार नांवाच्या रजपुतांत जन्मलेल्या मुली मारण्याची चाल आहे, हें डंकनाच्या ध्यानांत १७८९ सालीं आलें. त्यानें चौकशी केली, त्या लोकांची खुद्द कबुली मिळविली, व ही चाल सोडण्याबद्दल त्यांच्याकडून करार लिहून घेतला. शास्त्रवचनांच्या आधारें त्यांची समजूत घातली, हें त्याच्या स्वभावास शोभणारेंच होतें. काठेवाडांत प्रत्यक्ष काम केलें तें मेजर अलेक्झांडर वॉकर यानें. गायकवाडांच्या खंडणीचा कायमचा बंदोबस्त करण्यासाठीं १८०७ सालीं तो गायकवाडी फौजेबरोबर काठेवाडांत गेला, व १८०८ सालीं जाडेजा ठाकुरांकडून मुली न मारण्याचे करार त्यानें लिहून घेतले. हे करार कंपनी सरकार व आनंदराव गायकवाड या दोघांनाही लिहून दिलेले आहेत. म्हणजे या सत्कृत्यांत बडोद्याच्या मराठी दरबाराचाही भाग होता. मुंबईच्या संगमरवरावर मात्र श्रेय एकट्या गव्हर्नराच्या पदरीं पडलें आहे.

आतां मुख्य प्रश्न. चाल खरोखर बंद झाली काय? करार झाले हें निर्विवाद. पण करार होणें व चाल बंद होणें या दोन निराळ्या गोष्टी होत. पुढील अधिकाऱ्यांनीं केलेल्या तपासांत जाडेज्यांच्या घरीं जिवंत मुली फारच थोड्या आढळल्या. १८३४ च्या सुमारास काठेवाडचा पोलिटिकल एजंट विलोबी यास घरोघर मुलांमुलींची गणती करून पुन्हां मुळापासून उपाय योजावे लागले. काशीकडे व उत्तर हिंदुस्थानांतही चाल शिल्लक होती, म्हणून १८७० सालीं हिंदुस्थान सरकारला कन्यावधाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. जी गोष्ट डंकनाच्या शिलेवर झालेली म्हणून कोरली गेली, तिच्यासाठीं त्याच्या मृत्यूनंतर एकोणसाठ वर्षांनीं कायदा करण्याची पाळी आली.

यावरून शिला खोटी आहे असें म्हणून तिला फेंकून देणें हें चुकीचें होईल. डंकनाचा हेतु प्रामाणिक होता, व त्यानें आरंभ केला हेंही खरें. शिला खोटें सांगत नाहीं. ती आरंभास शेवट समजते. शिवाय ती आणखी एक मोठी गोष्ट सांगते, व ती दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत इतक्या स्पष्टपणें सांपडणार नाहीं. वसईचा तह, त्यानंतरचें युद्ध, मुंबई इलाख्याचा विस्तार या सर्वांपेक्षां बालहत्येचा प्रसंगच मुंबईच्या इंग्रजांस आपल्या गव्हर्नराच्या नांवें कोरून ठेवावासा वाटला. आपलें राज्य कशासाठीं आहे असें त्यांस जगास दाखवावयाचें होतें, याचा हा अस्सल व समकालीन पुरावा आहे. राज्य कशानें मिळालें याचा पुरावा मात्र दप्तरांतच शोधला पाहिजे.

याच दृष्टीनें आणखी दोन शिलांकडे पाहावें. लेफ्टनंट कर्नल जॉन कॅम्बेल यानें १७८३ सालीं टिपूच्या वेढ्यांत मंगळूरचा किल्ला अनेक महिने लढविला. अखेरीस अन्नावांचून सैन्य मरूं लागल्यावर १७८४ च्या जानेवारीअखेर त्यास किल्ला सोडावा लागला, आणि लवकरच मार्च महिन्यांत तो मुंबईंत मरण पावला. या चर्चांतील त्याचें स्मारक हें किल्ला राखल्याबद्दलचें आहे. म्हणजे पराजयांतील शौर्यासही संगमरवर मिळूं शकतो. शिला दिसली म्हणजे जय झाला, असें धरूं नये.

दुसरी शिला कर्नल बर याची. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईंत इंग्रजी फौजेचें आधिपत्य याजकडे होतें. त्या दिवशीं इंग्रजांचीं ठार व जखमी मिळून ८६ माणसें कामास आलीं, व एका राज्याचें भवितव्य ठरून गेलें. पेशव्यांच्या बाजूस जरीपटका घेऊन लढणारे मोरोपंत दीक्षित त्याच रणांगणीं पडले. आणि सेनापति बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजीं अष्टीस पडले. बरच्या शिलेवर हीं नांवें असण्याचें कारण नाहीं. पण खडकीची हकीकत लिहिणारानें मुंबईची शिला एका हातीं व पेशवे दप्तरांतील कागद दुसऱ्या हातीं घेतल्यावांचून लेखणी उचलूं नये. एका लढाईचे दोन पक्ष असतात, आणि चर्चच्या भिंतीवर त्यांपैकीं एकच बोलतो.

एवढ्या विवेचनावरून कांहीं नियम हातीं येतात. मनुष्याचें नांव, हुद्दा, व मृत्यूची तारीख यांविषयीं शिलेवर सामान्यतः भरंवसा ठेवावा. कारण ती आप्तांनीं अथवा सहकाऱ्यांनीं, बहुधा थोड्याच वर्षांत, उभारलेली असते. तथापि देह कोठें आहे, हें स्वतंत्र पुराव्यावांचून मानूं नये. पराक्रम व सत्कृत्यें यांचें वर्णन हें बखरींतील वर्णनासारखेंच समजावें, व समकालीन पत्रव्यवहाराशीं ताडून पाहावें. त्या पत्रव्यवहारालाही हीच कसोटी लावावी, कारण रामा कामतीचा घात करणारा कागद समकालीनच होता. आणि शिलेवर काय आहे याइतकेंच काय नाहीं, इकडेही लक्ष द्यावें.

आपल्या मंडळींतील ज्या गृहस्थांस मुंबईस जाण्याचे प्रसंग येतात, त्यांनीं या चर्चांतील सर्व लेखांच्या नकला, शिलेचें स्थान, आकार व अक्षरवाटिका यांसह घ्याव्या, अशी सूचना आहे. ऊन, दमट हवा व दुरुस्तीची छिनी यांपुढें दगडही फार दिवस टिकत नाहीं, हें मेंढम पॉइंटच्या स्मशानानें दाखविलेंच आहे. अशी नक्कल उतरून घेणारास बूनच्या काळच्या त्या नाताळच्या दिवसाचीही आठवण राहो. चर्चच्या दारांत उभ्या असलेल्या माणसाचें नांव आंतील कोणत्याही भिंतीवर नाहीं. तें वाळकेश्वराच्या जीर्णोद्धाराच्या परंपरेंत, कॉबच्या हकीकतींत, व १७२० च्या चौकशीच्या कागदांत आहे. त्या चौकशीनें त्यास अपराधी ठरविलें, आणि पुढें त्याच कागदांच्या छाननीनें त्यास निर्दोष ठरविलें. हा निर्णय त्याच्या हयातींत त्याच्या उपयोगीं पडला नाहीं, ही खेदाची गोष्ट. परंतु साधनांची छाननी कां करावयाची, हें कोणी विचारल्यास याहून चांगलें उत्तर आमच्याजवळ नाहीं.